चालायला लागलीस का?

घरी कोणीही आलं की पहिला प्रश्न हाच. मला एनएमओ आहे, म्हणजे न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. शरीर आपल्याच नसांवर उलटतं, त्यातही डोळ्यांच्या नसा आणि पाठीतला मज्जारज्जू. माझा अटॅक पाठीत आला, छातीखाली सगळं बधिर. पाच दिवस स्टेरॉइड, मग प्लाझ्मा एक्सचेंज, म्हणजे रक्तातला पातळ भाग बदलायचा, आता दर सहा महिन्यांनी रिटुक्सिमॅबचं सलाईन, परत अटॅक येऊ नये म्हणून. आधी एका डॉक्टरांनी एमएस सांगितलं होतं, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, नसांचाच मिळताजुळता पण वेगळा आजार, नशीब की त्याची इंजेक्शनं सुरू व्हायच्या आत अ‍ॅक्वापोरिन-४ अँटीबॉडीची (एनएमओत रक्तात सापडते ती) टेस्ट झाली, कारण एमएसची काही औषधं एनएमओवाल्याला उलट त्रास वाढवतात. ही अँटीबॉडी सापडलीच २००४ मध्ये, त्याआधी माझ्यासारखे कितीतरी जण एमएसच्याच खात्यात जमा असणार.

तर पाय. पायांचं चाललंय, पॅरलल बार (दोन्हीकडे धरायचे दांडे) झाले, आता वॉकर आणि डाव्या पायाला स्प्लिंट. पण खरं सांगू का, रिहॅबमध्ये मला सगळ्यात जास्त मोकळं केलं ते लघवीच्या नळीने. हो, लिहितेच आता, लाजून झालं पुष्कळ. मज्जारज्जूला मार बसला की मूत्राशय धड भरल्याचं कळवत नाही आणि धड रिकामंही होत नाही, साचून राहिलं की इन्फेक्शन, ताप, आणि तापात पाय परत लुळे. सिस्टरनी आरसा धरून स्वतःची स्वतः नळी घालायला शिकवलं, दर चार ते सहा तासांनी, हात साबणाने स्वच्छ धुवायचे, काम झालं की नळी काढून टाकायची. पहिल्या दिवशी मी रडले, आठवड्याने पाच मिनिटांचं काम झालं. डायपर सुटला आणि मी चार महिन्यांनी पहिल्यांदा बहिणीकडे जेवायला गेले! सासूबाईंना अजून वाटतं नळी म्हणजे शेवटचं काहीतरी.

दुसरं ऊन. नागपूरच्या मे महिन्यात कुलरसमोर बसूनही माझी नजर दुपारी धुरकट होते, आणि व्यायाम जरा जास्त झाला तरी तेच. मला वाटलं परत अटॅक आला, धावपळ, एमआरआय, काही नाही. उथॉफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरने व्यायामानंतर नजर अंधुक होते हे १८९० मध्येच लिहून ठेवलंय, अंग थंड झालं की उतरतं. म्हणून फिजिओ मॅडम सकाळी सात वाजता येतात, मधेमधे बसवतात, ओला टॉवेल मानेवर. "दमलीस की थांब, जोर लावून दाखवायचं नाही," हे त्यांचं रोजचं, आणि घरच्यांचं रोजचं काय तर "अजून थोडं कर ना".

पायातला ताठरपणा गोळ्यांनी पूर्ण घालवा म्हणून मीच मागे लागले होते, तर डॉक्टर म्हणाले त्या ताठरपणावरच तर तू उभी राहतेस. डोस वाढवून बघितला, गुडघेच दुमडले. मग परत कमी केला.

काल मामी आल्या. "चालायला लागलीस का गं?" म्हटलं मामी, लघवी छान होतेय. मामींनी चहाचा कप खाली ठेवला, आई उठून आत गेली.

परवा रिटुक्सिमॅब आहे. हॉस्पिटलमधल्या बाथरूमला कमोड आहे का, फोन करून विचारलं. आहे म्हणे, पण दारात पायरी आहे.