ई-लिक्विड घरी बनवलंत, पण चाखायला डिव्हाइस कुठलं? माझा अनुभव

व्हेपमध्ये ओढायच्या ई-लिक्विडचं मिक्सिंग पटकन जमलं. पीजी-व्हीजीचं (प्रोपिलीन ग्लायकॉल आणि व्हेजिटेबल ग्लिसरीन, लिक्विडचे मूळ घटक) प्रमाण, फ्लेवरचे टक्के, सगळं वजनकाट्यावर ग्रॅममध्ये. घोडं अडलं ते चव बघायच्या डिव्हाइसवर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

जो तो सांगतो चांगला टँक (लिक्विड भरून ठेवायची टाकी असलेला) घे. टँक चांगला असतोच, पण दिवसभर एकच लिक्विड ओढायला, टेस्टिंगला तो डोक्याला ताप आहे. एकदा मेन्थॉल टाकलं की कॉइलच्या (लिक्विड तापवणाऱ्या तारेच्या) कापसात असं मुरतं की नंतरची स्ट्रॉबेरीपण गार लागते, मग कॉइल बदला, नवीन कॉइल भिजेपर्यंत थांबा, आणि चार झुरक्यांसाठी टँकभर लिक्विड वाया. बरं एकाच पाकिटातल्या दोन कॉइलसुद्धा सारख्या निघत नाहीत, एकीवर व्हॅनिला मस्त आणि दुसरीवर तेच पुठ्ठ्यासारखं. मग रेसिपीच बदलत बसतो आपण, फ्लेवर अर्धा टक्का वाढव, स्वीटनर कमी कर, आणि दोष सगळा कॉइलचा! हे आधी कोणी सांगतच नाही, याची मला जाम चीड आहे.

सुटका झाली ती सिंगल कॉइलच्या साध्या ड्रिपरने, ज्यात टाकी नसते, थेंब थेट कापसावर टाकायचे. एक सॅम्पल झालं की कापूस उपटायचा, तार कोरडी तापवायची, मधून कडेला एकसारखी लाल होतेय ना बघायचं, गार झाली की पाण्याखाली धुवायची, नवा कापूस, थोडे थेंब, झालं. मी कांथलची (लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमच्या तारेची) गुंडाळी 0.8 ओहमच्या आसपास ठेवतो, 20 वॅट, आणि एअरफ्लो एकदा लावला की हात लावत नाही. स्क्रीनवर ओहमचा आकडा उड्या मारत असेल तर आधी स्क्रू आवळा, मग 510 ची पिन (ड्रिपर बॅटरीच्या भागाला जोडतो तिथली) पुसून घ्या, तरी थांबत नसेल तर ते डिव्हाइस टेस्टिंगला नको, कितीही देखणं असो.

मॉड (बॅटरीचा भाग) रेग्युलेटेडच घ्या, म्हणजे सर्किटने पॉवर स्थिर ठेवणारा. बिनसर्किटच्या मेकॅनिकलमध्ये बॅटरी उतरते तशी पॉवरही उतरते, मग पहिल्या आणि शेवटच्या सॅम्पलची तुलना कशी करणार? शिवाय शॉर्ट झालं तर संरक्षण शून्य. 18650 (मॉडमध्ये घालायच्या गोल लिथियम) बॅटरीचं वरचं रॅपर फाटलेलं असेल तर ती वापरू नका.

अरे हो, हे तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तेलातले फ्लेवर अजिबात नकोत. खायला चालतं म्हणून ओढायला चालतं असं नाही, 2019 मध्ये अमेरिकेत व्हेप करणाऱ्यांना फुफ्फुसाचा जो आजार झाला त्यात व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे तेलकट द्रव्यच मुख्यतः सापडलं होतं. बटर-कस्टर्डवाले फ्लेवर घेताना डायॲसिटिल (लोण्याची चव देणारं, पण ओढल्यास फुफ्फुसाला घातक रसायन) नाही ना तेही बघा. आणि कस्टर्ड ताजं मिक्स करून लगेच नापास करू नका, त्याला मुरायला वेळ लागतो, फळांचं लवकर कळतं.

टेस्टिंग मी बिननिकोटीनच करतो. फळवाले आधी, मेन्थॉल आणि बडीशेपवाले शेवटी, आणि सुक्रालोज (स्वीटनर) घातलेलं त्याच्याही मागे, कारण ते कॉइलवर काळा थर धरतं.