सगळं पान डाव्या बाजूचं

मराठी पानाची डावी बाजू म्हणजे फुकटची बाजू. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर हे कोणी मागत नाही आणि त्याचे पैसेही कोणी मोजत नाही. वाहवा होते ती उजवीकडच्या कालवणाची. बोटं मात्र चाटली जातात डावीकडे. रत्नागिरीत थिबा पॅलेस रोडला आमच्या घराजवळ एक कोरियन-जपानी हॉटेल निघालंय, तिथे मी जाते ती या डाव्या बाजूच्या ओढीने.

कोरियन जेवण मागवलं की मुख्य पदार्थाआधी वाट्या येऊ लागतात. याला बानचान म्हणतात. किमची (कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं), तिळाच्या तेलातले मोड, उकडून घट्ट पिळलेला पालक, तिखटातली काकडी. मधोमध साधा भात. कोरियात या वाट्या संपल्या की पुन्हा भरून देतात, त्याचा आकार वेगळा लावत नाहीत. आपल्याकडे डावीकडे चिमूटभर वाढायचं ते तिथे टेबलभर पसरलेलं असतं.

माझ्या काकी पहिल्यांदा आल्या तेव्हा एका वाटीवर नाक नेऊन थांबल्या. गोडसर पाकात परतलेली, वर तीळ भुरभुरलेली बारीक सुकी मासळी. "अगो, ही आपली मांदेली!" होतीच. हॉटेलचा मालक इथलाच, क्रूझवर एका कोरियन शेफच्या हाताखाली राबून आलेला. तिकडची अँकोव्ही परवडत नाही म्हणून तो मिरकरवाड्यातून सुकी मांदेली आणतो. किमचीत कोरियन लोक खारवलेली बारीक कोळंबी घालतात, तिथे याचा जवळा. शाकाहाऱ्यांची किमची वेगळ्या बरणीत असते आणि ती काकींच्या मते "अळणी". मीठ त्यातही तेवढंच असतं, पण काकींपुढे बोलायची सोय नाही.

किमचीतली मिरचीपूड दिसायला भडक, खायला बेताची, साधारण ब्याडगीच्या वळणाची. थंडी पडायच्या आत घरोघरी, शेजारीपाजारी जमून वर्षाची किमची घालायची कोरियन रीत २०१३ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. आमच्याकडे पावसाच्या तोंडावर अगोटीची बेगमी होते, जून-जुलैत मासेमारी बंद म्हणून सुकट-बोंबील डब्यात भरले जातात, त्याची यादी कोण करतो? डाव्या बाजूला यायचं ते आधी करून ठेवलेलं असतं, म्हणून कदाचित त्याचे कष्ट जेवणाऱ्याला दिसत नाहीत.

मेनूची जपानी बाजू निराळ्या स्वभावाची. तिथे वाट्यांची गर्दी नाही. सुशीबरोबर आल्याच्या गुलाबी चकत्या येतात, त्या दोन घासांमध्ये तोंड साफ करायला. लोणच्यासारख्या सुशीबरोबर खायच्या नाहीत. वसाबी म्हणून येतो तो हिरवा गोळा जगभर बहुतेक ठिकाणी रंगवलेल्या हॉर्सरॅडिशचा असतो, इथेही तसाच असणार. रामेनबद्दल मी काही लिहीत नाही. दमट हवेत रश्शातल्या वाफाळत्या शेवया गिळण्यात मला मजा वाटत नाही. तेंपुरा जपानने सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडून उचलला आणि इतका हलका केला, की आपल्या भज्यांनी एकदा शिकवणीला जायला हरकत नाही.

खरी भेट बांगड्याची. जपानी पद्धतीने नुसतं मीठ चोळून थोडा वेळ ठेवलेला, मग पाणी टिपून जाळीवर भाजलेला. ना तिरफळं, ना आगळ. कातडीवर फोड येतात, कडा काळ्या होतात आणि पोटाकडची चरबी चुरचुरत खाली ठिबकते. बाजूला किसलेल्या मुळ्याचा ढीग, त्यावर सोया सॉसचे चार थेंब. मसाल्याशिवाय मासा म्हणजे आजाऱ्याचं जेवण, असं मानणाऱ्या काकींनी काटा न् काटा निपटला. मालकाने जेवायच्या काड्या पुढे केल्या होत्या, त्यांच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. सुशीही हातानेच उचलली, आणि ते जपानमध्येही चालतं हे ऐकून "मग न चालायला काय झालं?" एवढंच म्हणाल्या.

वाद झाला तो दुसऱ्यांदा मागितलेल्या किमचीवरून. बिलात तिचे पैसे लागले. काकींनी मालकाला समोर उभं करून सांगितलं, लोणच्याचे पैसे घेणारी खानावळ रत्नागिरीत चालायची नाही. तो म्हणाला, काकी, चायनीज कोबी घाटावरून येतो, पावसात घाट बंद झाला की भाव ऐकवत नाही. त्याचंही खरंच होतं. शेवटी तोड निघाली मुळ्याची. मुळ्याच्या चौकोनी फोडींचीही किमची असते, कोरियात चांगली चालते, आणि मुळा इथे आठवडा बाजारात ढिगाने मिळतो. आता कोबीची वाटी एकदाच, मुळ्याची हवी तितकी. काकी मुळ्याला उग्र म्हणतात आणि तीनदा मागतात.