घोरपड छाप स्कॉच

दोन वर्षांपूर्वी 28 डिसेंबरच्या दुपारी गोव्याची हद्द ओलांडून आलेला आमचा टेम्पो बांद्याच्या पुढे अडवला गेला, तेव्हा मागच्या हौद्यात स्कॉचच्या 38 बाटल्या, 60 कोरी लेबले, शंभरेक बुचे, बुचांवर चढवायची प्लॅस्टिकची आवरणे, ती आवळून बसवायची हीट गन आणि गडद तांबूस पाण्याचा 5 लिटरचा कॅन होता. एक्साइजवाल्यांच्या लेखी हा बनावट दारूचा फिरता कारखाना होता. आमच्या चित्रीकरणाच्या धंद्यात याला प्रॉपर्टी म्हणतात आणि मी गेली 22 वर्षे हीच प्रॉपर्टी सांभाळतो.

पडद्यावर दिसणारी दारू खोटी असते हे प्रेक्षकांना ठाऊक असते. तिचे नावही बहुतेक वेळा खोटे असते आणि ते कोणीतरी बसून तयार केलेले असते, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. 1994 च्या केबल टेलिव्हिजन नियमांनी दूरचित्रवाणीवर मद्याची जाहिरात करण्यास बंदी घातलेली आहे. त्यामुळे खऱ्या कंपनीची बाटली कथेत आली, तरी ती आडमार्गाने केलेली जाहिरात ठरेल अशी धास्ती वाहिन्यांना असते. शिवाय खलनायकाच्या हातात आपली बाटली दिसलेली कोणत्या कंपनीला आवडेल? सत्तरच्या दशकातल्या हिंदी चित्रपटांत व्हॅट 69 राजरोस मिरवत असे. आता तिच्या जागी माझ्यासारख्यांनी जन्माला घातलेल्या अनाथ बाटल्या उभ्या असतात.

या वेळची कथा 1974 च्या मुंबईतली होती आणि जुना वांद्र्याचा बंगला म्हणून आम्ही गोव्यातले एक पोर्तुगीज वळणाचे घर घेतले होते. दिग्दर्शकांना तस्करीची स्कॉच हवी होती. नाव शोधण्यातच चार दिवस गेले. प्रत्येकाला सुरुवातीला ‘ग्लेन’ हवे असते, कारण ग्लेन म्हटले की स्कॉटलंडचा वास येतो. तो वास स्कॉटलंडवाल्यांनाही येतो आणि ते कोर्टात जातात. जर्मनीतल्या एका छोट्या भट्टीने आपल्या व्हिस्कीला ‘ग्लेन बुखेनबाख’ म्हटले, तर प्रकरण थेट युरोपीय न्यायालयापर्यंत पोहोचले आणि 2019 मध्ये हॅम्बुर्गच्या कोर्टाने ते नाव वापरू नये असा निर्णय दिला. आपल्याकडची पीटर स्कॉट ही व्हिस्की 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयात वाचली, पण तीही मुख्यतः स्कॉटलंडवाल्यांनी हरकत घ्यायला फार उशीर केला म्हणून. हे सगळे मी मीटिंगमध्ये सांगितले, तेव्हा कार्यकारी निर्मात्यांनी मोबाइलवरून मान वर न करता विचारले, ‘दादा, दोन सेकंदांच्या बाटलीसाठी एवढे कशाला?’ या व्यवसायात हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की आता त्याला उत्तर देत नाही. अखेरीस ‘ओल्ड टॅव्हिश’ ठरले.

लेबल मात्र मी मनासारखे केले. व्हिस्कीच्या इंग्रजी स्पेलिंगमधले ‘ई’ हे अक्षर गाळले, कारण ते आयर्लंडवाले आणि बहुतेक अमेरिकन लावतात, स्कॉच लावत नाहीत. एरवी या एका अक्षरावर निम्म्या मालिका पकडता येतात. त्या काळातल्या ब्रिटिश बाटल्यांवर मिलिलिटर आणि टक्के नसत, म्हणून खाली डाव्या कोपऱ्यात 26⅔ फ्लुइड औंस आणि उजव्या कोपऱ्यात 70 अंश प्रूफ, म्हणजे आजच्या हिशेबाने 40 टक्के, असे छापून घेतले. कागद काळ्या चहात बुडवून पंख्याखाली वाळवला आणि कडा बारीक पॉलिश पेपरने उडवल्या. संस्थापकाची म्हणून जी झोकदार सही आहे, ती आमच्या सेटिंगच्या म्हाताऱ्या दादांची आहे. ब्रिटिश राजचिन्हात एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला युनिकॉर्न, म्हणजे एकशिंगी घोडा असतो, तिथे सिंह तसाच ठेवून घोड्याच्या जागी मी घोरपड काढली, शेपटी अगदी डौलात वळवून. ही माझी जुनी खोड आहे. दिग्दर्शक, छायालेखक आणि वाहिनीच्या दोन बाई यांनी ते लेबल मंजूर केले, पण घोरपड एकालाही दिसली नाही.

आतल्या द्रवाविषयीही थोडे सांगायला हवे. सेटवर बहुतेक जण कोरा चहा भरतात. तो बाटलीत सुंदर दिसतो, पण कडक असेल तर बर्फ पडताच गढूळ होतो. कोला पाण्यात मिसळले, तर आधी त्याचा गॅस घालवत बसावे लागते आणि चौदा टेक झाले की नटाचे पोट बिघडते. मी साखर जाळून तिचे पाणी करतो. स्कॉचमध्येही रंगासाठी हेच घालायची मुभा आहे, त्यामुळे निदान एका बाबतीत माझा माल अस्सल असतो.

तर बांदा. वर्षअखेरीला गोव्याची स्वस्त दारू मोठ्या प्रमाणावर इकडे आणली जाते, म्हणून त्या आठवड्यात प्रत्येक टेम्पो उघडतात आणि ते योग्यच आहे. चित्रीकरणाच्या परवानगीची फाइल आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरच्या बॅगेत होती आणि तो ती बॅग घेऊन सकाळच्या विमानाने मुंबईला पोहोचला होता. फोन लागत नव्हता. लागला असता, तरी त्याने उचलला नसता. हवालदारांनी हीट गन पाहिली आणि दोघे टेम्पोच्या मागे उभे राहिले. ड्रायव्हर रडवेला झाला.

साहेब निवृत्तीला आलेले, किडकिडीत, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी आरडाओरडा केला नाही. एक बाटली उघडून वास घेतला, चार थेंब तळहातावर टाकले आणि दुसऱ्या तळव्याने चोळले. दारू असती तर हात गार पडून लगेच कोरडा झाला असता. इथे दोन्ही हात एकमेकांना चिकटले. त्यांनी रुमाल ओला करून हात पुसले आणि बाटली माझ्यापुढे धरली.

‘प्या.’

मी प्यायलो. पाणी चार दिवसांपूर्वीचे होते. चव सांगण्यासारखी नव्हती.

‘ही कुठल्या कंपनीची नक्कल?’

‘कुठल्याच नाही, साहेब. असली कंपनीच नाही.’

‘मग हिला बनावट म्हणू की अस्सल?’

मी गप्प राहिलो. त्यांनी चष्मा चढवला, बाटली उन्हात धरली आणि लेबल वाचायला सुरुवात केली. मजकूर इंग्रजी होता, तो ओळीवर बोट ठेवून त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला. आमच्या युनिटमध्ये 80 माणसे होती. ते लेबल पूर्ण वाचणारा हा पहिला माणूस. त्यांनी सहीवरून अंगठा फिरवला. बाटलीवर कुठलेही सरकारी लेबल कसे नाही, असे विचारले. माल तस्करीचा आहे आणि काळ 1974 चा, म्हणून लावलेले नाही, असे मी सांगितल्यावर ते म्हणाले, ‘बरोबर.’ मग बोट थांबले.

‘ही घोरपड आहे.’

‘होय, साहेब.’

‘स्कॉटलंडात घोरपडी असतात?’

‘नसाव्यात.’

त्यांच्या चेहऱ्यावर काही हलले नाही. हवालदार मात्र वाकून पाहून हसला. मला वाटले सुटलो. तेवढ्यात साहेबांनी बाटली उलटी केली, बुडावरची धूळ अंगठ्याने पुसली आणि ते बूड माझ्या डोळ्यांसमोर आणले. काचेत उठावाच्या अक्षरांत 750 एमएल असे होते.

‘लेबलावर औंस आणि काचेवर एमएल. चौऱ्याहत्तर सालची विलायती बाटली ना?’

बाटल्या मी गोरेगावच्या भंगारवाल्याकडून निवडून आणल्या होत्या. आकार, काचेचा रंग, गळ्याची उंची, सगळे पाहिले होते. एकाही बाटलीचे बूड पाहिले नव्हते. साहेब म्हणाले, ‘नकली माल भरणारेसुद्धा हेच विसरतात. सगळे लेबलाच्या मागे लागतात, बूड कोण बघतो?’ आणि नंतर, जरा थांबून, ‘काम मात्र चांगले आहे.’ त्यांनी वहीत ‘चित्रीकरणाचे साहित्य, बाटल्या 38, आत साखरेचे पाणी’ अशी नोंद केली, माझी सही घेतली, मालिका कधी लागणार ते विचारले आणि टेम्पो सोडला.

मुंबईपर्यंतच्या प्रवासात मी दर चहाच्या थांब्यावर उतरून एकेका बाटलीचे बूड पाहत होतो. सगळ्यांवर 750 होते. गोव्यातले चित्रीकरण संपलेले होते. उरलेले क्लोज-अप गोरेगावच्या सेटवर व्हायचे होते, त्यासाठी मी दोन बाटल्यांची बुडे ग्राइंडरवर घासून काढली. एक फुटली. दिग्दर्शकांना हे सांगितले नाही. सांगून त्यांनाही तोच दोन सेकंदांचा प्रश्न पडला असता.

हॉलिवूडमध्ये खोट्या मालाची लेबले छापून भाड्याने देणाऱ्या कंपन्या आहेत आणि तिथली हाईझलर नावाची खोटी बिअर कितीतरी मालिकांत ओळखीच्या माणसासारखी येऊन जाते. ‘लॉस्ट’ या अमेरिकन मालिकेत तर ‘मॅककचन’ या काल्पनिक व्हिस्कीवर अख्खा प्रसंग आहे. हिचा एक घोट तुझ्या महिन्याच्या कमाईपेक्षा मोलाचा आहे, असे सांगून एक श्रीमंत बाप मुलीच्या प्रियकराला तो घोट नाकारतो. बाटलीला तिथे भूमिका आहे. आमच्याकडे वाहिनीच्या नियमपालन विभागाने भाग तपासताना लिहून पाठवले : ‘मद्याचे ब्रँड नाव दिसत आहे, पुसट करावे.’ हा ब्रँड जगात अस्तित्वातच नाही, पुसट करावा लागू नये म्हणूनच तो घडवला आहे, असे मी कळवले. उत्तर आले की प्रेक्षकांना ते कळणार नाही. लेबल खोटे आहे हे कळू नये यासाठीच मी महिनाभर खपलो होतो, तेव्हा ही माझ्या कामाची पावती मानावी की काय, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मालिका लागली त्या रात्री मी घरी टीव्हीसमोर बसलो होतो. खाली मद्यपान आरोग्यास हानिकारक असल्याची ओळ आणि वर बाटलीबरोबर इकडून तिकडे फिरणारा एक धुकट चौकोन. सही, सिंह, घोरपड, 26⅔ औंस, सगळे त्याच्या आत. मग गोव्यात घेतलेला एक शॉट आला. नायकाने बाटली तोंडाला लावून शेवटचा थेंब पडावा म्हणून पुरती उलटी केली आणि बूड कॅमेऱ्याकडे आले. चौकोन लेबलावर नीट बसवलेला होता. बुडावरचे 750 स्वच्छ वाचता येत होते.