फुकट सॉफ्टवेअर भरपूर आहे, फाइल कोणाच्या हातात राहते ते बघा

सर्किट डिझाइन सुरू करायचं म्हटलं की लोक पहिलं विचारतात, फुकटात काय मिळेल? आज फुकटात जवळपास सगळंच मिळतं, स्कीमॅटिक (सर्किटचा नकाशा), पीसीबी (त्याचा छापील बोर्ड), सिम्युलेशन, कंपायलर (कोड चिपला समजेल असा करणारा), डीबगर (कोडमधली चूक शोधायचं साधन). म्हणून मी किंमतीपेक्षा आधी हे बघतो की उद्या कंपनीने दुकान बंद केलं तर माझी फाइल उघडेल का.

ईगल या पीसीबी डिझाइनच्या सॉफ्टवेअरचंच घ्या ना. हॉबीवाल्यांची एक अख्खी पिढी त्यावर शिकली, फुकट व्हर्जनमध्ये दोन लेयर आणि ८० चौरस सेंटिमीटरचा बोर्ड एवढी मर्यादा, पण घरगुती कामाला तेवढं पुरायचं. २०१६ मध्ये ते ऑटोडेस्कने विकत घेतलं, नंतर सबस्क्रिप्शन आलं, आणि पुढे कंपनीने जाहीर करून टाकलं की ७ जून २०२६ नंतर ईगल बंद. नशीब एवढंच की सहाव्या व्हर्जनपासून त्याच्या फाइल एक्सएमएलमध्ये आहेत, त्यामुळे कायकॅड हे दुसरं, ओपन सोर्स सॉफ्टवेअर त्या बऱ्यापैकी नीट इम्पोर्ट करतं. इम्पोर्ट झाल्यावर डीआरसी (बोर्डाच्या नियमांची आपोआप तपासणी) चालवा आणि कॉपर झोन (तांब्याने भरलेले भाग) एकदा नजरेखालून घाला, आंधळेपणाने फॅब्रिकेशनला पाठवू नका.

कायकॅड ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये सुरू केलं आणि २०१३ पासून सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेचे लोकही त्यात उतरले, तेव्हापासून त्याची तब्येत खरी सुधारली. बोर्डाच्या साइझवर बंधन नाही, ३२ कॉपर लेयरपर्यंत जाता येतं, धंद्यासाठी वापरलं तरी कोणी हटकत नाही. मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे त्याच्या फाइल साध्या टेक्स्ट असतात, गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) टाकून ठेवा, कुठला रेझिस्टर कधी बदलला ते नंतर शोधता येतं. सुरुवातीला सिम्बॉल (नकाशावरची खूण) वेगळा आणि फूटप्रिंट (बोर्डावरची जागा) वेगळा हे प्रकरण डोक्यात जातं, पण एकदा कळलं की बाकीच्या सॉफ्टवेअरमध्ये उलट अडायला होतं.

सिम्युलेशनला एलटीस्पाइस. ओपन सोर्स नाही, पण फुकट आहे आणि नोडची मर्यादा नाही, पॉवर सप्लायच्या कामाला तर हात धरणारा नाही. दिसायला मात्र अजूनही जुनाट! कायकॅडमध्येच एनजीस्पाइस हा सिम्युलेटर बसवलेला आहे, छोटा फिल्टर वगैरे तपासायला तेवढं पुरतं.

आता मायक्रोकंट्रोलर. इथे फुकटाची गंमत वेगळी, कंपायलर फुकट देतात पण कुठेतरी चिमटा काढतात. ८०५१ या जुन्या मायक्रोकंट्रोलरसाठीच्या कायल कंपायलरच्या इव्हॅल्युएशन व्हर्जनमध्ये कोड २ केबीच्या पुढे गेला की संपलं, ८०५१ वरच शिकायचं असेल तर एसडीसीसी हा कंपायलर घ्या, तो ओपन सोर्स आहे आणि अशी मर्यादा नाही. मायक्रोचिपच्या एक्ससी८ कंपायलरमध्ये साइझची अडचण नाही, पण वरच्या पातळीचं ऑप्टिमायझेशन (कोड लहान, वेगवान करणं) लायसन्स घेतल्यावरच मिळतं, शिकणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही.

आर्डुइनोला (नवशिक्यांसाठीचे सोपे बोर्ड आणि सॉफ्टवेअर) नाक मुरडणारे भरपूर आहेत, मी त्यातला नाही. एलईडी ब्लिंक करायला चिपच्या रजिस्टरची माहिती वाचत बसायची गरज नाही. पण प्रोजेक्ट वाढला, लायब्ररींची व्हर्जन एकमेकांशी भांडायला लागली की प्लॅटफॉर्मआयओ या कोड बिल्ड करायच्या साधनावर या, बोर्ड कुठला आणि लायब्ररी कुठल्या व्हर्जनची हे सगळं एका फाइलमध्ये लिहिलेलं राहतं, दुसऱ्या मशीनवर तेच जसंच्या तसं बिल्ड होतं. हार्डवेअर हातात यायच्या आधी कोड चालवून बघायचा असेल तर ब्राउझरमध्ये वोक्वी हा सिम्युलेटर आहे, त्यावर ईएसपी३२ हा वायफायवाला मायक्रोकंट्रोलर सुद्धा चालतो.

खरा फरक पडतो डीबगिंगला. सीरियल प्रिंट टाकत बसणं कुठपर्यंत करणार? एसटी कंपनीच्या न्यूक्लिओ बोर्डावर एसटी-लिंक हा डीबगर आधीच बसवलेला असतो आणि त्यांचं क्यूबआयडीई हे कोड लिहायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, म्हणजे वेगळा डीबगर न घेता ब्रेकपॉइंट लावून (कोड मध्येच थांबवून) व्हेरिएबल बघता येतात. रास्पबेरी पाय पिको बोर्ड वापरणाऱ्यांनी दुसरा पिकोच डीबगर म्हणून जोडावा.

आणि आयटूसी (चिप आणि सेन्सर दोन तारांवर बोलतात तो प्रोटोकॉल) अडकलं, सेन्सर उत्तरच देत नाही, अशा वेळी कॉम्प्युटरवर पल्सव्ह्यू हे सिग्नल बघायचं सॉफ्टवेअर टाका. ८ चॅनेल, २४ मेगाहर्ट्झवाले जे स्वस्तातले लॉजिक ॲनालायझर (डिजिटल सिग्नल टिपणारं यंत्र) मिळतात ते त्यावर चालतात, आणि शंभरहून जास्त प्रोटोकॉलचे डीकोडर आतच आहेत, ॲड्रेस चुकला की ॲक (सेन्सरची पोचपावती) आली नाही ते सरळ स्क्रीनवर दिसतं. ग्राउंड जोडायला तेवढं विसरू नका, आणि १२ व्होल्टची लाइन त्याला थेट लावू नका.