आमची वाटचाल : हजार पानांवरून पंचवीस पानांवर

आमचा धंदा मंडप, डेकोरेशन आणि जेवणाचा. वडिलांनी भाड्याच्या पत्र्याच्या खुर्च्या आणि दोन मोठे टोप एवढ्यावर चालू केला, मी आणि धाकट्या भावाने पुढे स्टेज, कनाती, जनरेटर, बुफेची भांडी असं वाढवत नेलं. गाव खारेपाटणच्या जवळ, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याचं अगदी टोक, पुढे राजापूर तालुका लागला की रत्नागिरी जिल्हा. गिऱ्हाईक दोन्हीकडचं. जिल्ह्याची हद्द नेमकी कुठून जाते याचा आम्ही कधी विचारच केला नव्हता, कोरोनात मात्र आमचं पुढचं काम कुठे होणार हे त्या हद्दीवरच ठरायला लागलं.

२०२० चा शिमगा नेहमीसारखा झाला. २५ मार्चला पाडवा, आणि त्याच दिवसापासून देशभर लॉकडाऊन. आमची वर्षाची कमाई पाडव्यापासून पाऊस लागेपर्यंत, नंतर गणपतीत थोडं, मग तुळशीची लग्नं झाली की परत गाडी चालू. २६ एप्रिलच्या अक्षय्य तृतीयेच्या तारखा कधीच्याच बुक झालेल्या आणि त्या ऍडव्हान्समधून मी नवीन कापड नि वधूवरांचा सोफा घेऊन बसलेलो. लोकांचे फोन चालू झाले, पैसे परत द्या. त्यांचंही बरोबरच होतं हो, पण माझ्याकडे पैशाच्या जागी कापड होतं. शेवटी निम्मे परत आणि निम्मे पुढच्या तारखेला धरायचे असं केलं, काही जण त्यावरून रागावले ते आजही रस्त्यात भेटले की मान फिरवतात. बँकेचा हप्ता ऑगस्टपर्यंत थांबवता आला, व्याज मात्र थांबत नव्हतं.

मे महिन्यात रेड, ऑरेंज, ग्रीन झोन आले. आमचा सिंधुदुर्ग ग्रीन, रत्नागिरी ऑरेंज, मुंबई ठाणे रेड. लग्नाला सगळीकडे पन्नासच माणसं आणि मयताला वीस, म्हणजे त्या बाबतीत रंगाने काही फरक नाही, आमची अडचण झाली ती जिल्हा ओलांडताना. गोडाऊन इकडे आणि लग्न तिकडे असलं की टेम्पोचं काय, पोरांचं काय, मंडपाचे पाईप अत्यावश्यक का नाहीत, नाक्यावर दर वेळी नवीन माणूस आणि नवीन उत्तर. ते जमवून गावात पोचलो तर तिथलं ग्राम कृती दल, म्हणजे कोरोनासाठी नेमलेली गावचीच माणसं, वेशीवर उभं. खरं सांगायचं तर त्या काळात सरकारी आदेशापेक्षा गावाचा शब्द जड होता, आणि मला त्यात फार वावगं वाटत नाही, गावात म्हातारी माणसंच जास्त. एका नवऱ्याच्या बापाने मला सरळ विचारलं, "पन्नासात माझी भावकीच बसाची नाय, सोयरे खंय बसवू?" ते लग्न मग घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणातच झालं, आम्ही फक्त जेवण दिलं.

त्यातूनच पुढचं सुचलं. ऑगस्टमध्ये मुंबईहून गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांचा प्रश्न आला, १२ ऑगस्टच्या आत गावात या आणि दहा दिवस क्वारंटाइन राहा असा नियम, गणपती २२ ला. घरोघरी माणसं आलेली पण बंद घरं झाडून सामान भरायला त्यांना बाहेर कोण सोडणार? आमचा आचारी बसूनच होता. डबे चालू केले. वरण भात, भाजी, चपाती, एखाद दिवशी काळ्या वाटाण्याचं सांबार नि वडे. डबा गडग्यावर, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणावर ठेवायचा, हाक मारायची आणि मागे सरायचं, आतला माणूस येऊन नेणार, पैसे फोनवरून नाहीतर दगडाखाली. ज्यांच्या लग्नात हजार पानं वाढली त्यांच्या घरी आता चार डबे. पण त्या डब्यांनी कामगारांचे पगार निघाले, नफा शून्य.

खरा मार मालाला बसला. कोकणातल्या पावसात मंडपाचं कापड दोन महिने घडी करून पडलं की त्यावर काळे ठिपके धरतात, धुतलं तरी जात नाहीत. एरवी तुळशीच्या लग्नांपासून कापड सारखं बाहेर, ऊन वारा लागतो. त्या वर्षी गाठोडी तशीच. सोडून बघितली तर झालरीला वास, उंदरांनी पडद्याच्या किनारी कुरतडलेल्या आणि बांबूंना वाळवी. वापरून फाटलेल्या मालाचं काही वाटत नाही, पैसे देऊन गेलेला असतो. न वापरता गेलेल्याचा राग येतो.

२०२१ ला वाटलं सुटलो. एप्रिलमध्ये दुसरी लाट आणि २२ तारखेपासून लग्नाला पंचवीस माणसं, एकच हॉल, दोन तासांत आटपायचं, मोडलं तर पन्नास हजार दंड. हॉलवर काम करणाऱ्यांना लस नाहीतर निगेटिव्ह रिपोर्ट, आणि लस तेव्हा पंचेचाळीसच्या वरच्यांनाच मिळायची, आमची वाढपी पोरं सगळी विशीतली. म्हणजे प्रत्येकाची टेस्ट. पंचवीसात भटजी, फोटोग्राफर, आचारी धरायचे का यावर जेवढी चर्चा झाली तेवढी आमच्याकडे देण्याघेण्यावर होत नाही. मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याने वर गेलं आणि जाता जाता गोडाऊनचे पत्रे घेऊन गेलं.

जूनमध्ये पाच लेव्हल आल्या, पॉझिटिव्हिटी रेट आणि ऑक्सिजन बेड बघून. कुठे पूर्ण मोकळीक आणि आमचे दोन्ही जिल्हे चौथ्या लेव्हलला, परत पंचवीस. ऑगस्टमध्ये राज्यात बहुतेक ठिकाणी सवलत मिळाली तर न मिळालेल्या अकरा जिल्ह्यांत सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड तिन्ही. नागपूरकडचा एक साडूचा भाऊ फोनवर विचारतो, तुमचं अजून बंदच? काय सांगणार. आकडे आमचे खराब होते हे खरं, पण दुकान बंद असलेल्या माणसाला टक्केवारी समजावून सांगणं अवघड.

डिसेंबर अखेरीला ओमिक्रॉनमुळे परत पन्नास, फेब्रुवारीत जरा सैल, आणि २०२२ च्या पाडव्याला, २ एप्रिलपासून, सगळे निर्बंध उठले. त्या मे महिन्यात थांबलेली लग्नं एकदम आली. माल कमी, माणसं त्याहून कमी. एक पोरगा जेसीबीवर गेलेला, एक गोव्यात हॉटेलात, परत यायला तयार नाहीत. लोखंडी पाईप शेजारच्या तालुक्यातल्या मंडपवाल्याकडून भाड्याने आणले, त्याने दर लावला तो लावलाच.

आता आमच्याकडे छोट्या लग्नाचा वेगळा सेट आहे, शंभर माणसांपर्यंत, घरच्या खळ्यात बसेल असा, आणि त्याला चांगली मागणी आहे. कापड पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी सोडून वाऱ्यावर टाकतो. पावतीच्या मागे एक ओळ वाढवलीय, सरकारी आदेशाने माणसांची संख्या कमी झाली तर ऍडव्हान्स परत मिळणार नाही, वर्षभरात दुसऱ्या तारखेला वापरता येईल. डब्यांचं काम गणपतीत चालू असतं, ऑर्डर आठवडाभर आधी द्या, काळ्या वाटाण्याचं सांबार हवं असेल तर आदल्या दिवशी सकाळपर्यंत कळवा, वाटाणे भिजवावे लागतात.