एफ कॉर्ड आणि भैरवी

साठी ओलांडल्यावर गिटार शिकायला घेतली की लोक पहिला प्रश्न विचारतात, "बोटं वळतात का?" वळतात. हळूहळू वळतात, पण वळतात. मला विचाराल तर बोटांइतकंच महत्त्व आणखी दोन गोष्टींना आहे. एक, वाद्य आपल्या हाताला जुळवून घ्यावं. दुसरी, आयुष्यभर गाणं ऐकून तयार झालेला कान कामाला लावावा. नव्यानं शिकणाऱ्या तरुण मुलांकडे चपळ बोटं असतात. आपल्याकडे कान असतो.

मी डोंबिवलीच्या एका महिला भजनी मंडळात बरीच वर्षं गाते. आमच्या पेटीवाल्या बाई मुलीकडे नाशिकला राहायला गेल्या आणि मंडळ साथीविना राहिलं. मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला तेव्हापासून त्याची गिटार कपाटावर पडून होती. कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या घरी गिटार ऐकली होती, तेव्हापासून मनात होतंच. म्हटलं, आता शिकायची.

क्लासमधले सर माझ्या मुलाच्या वयाचे. ते मला काकू म्हणतात, मी त्यांना सर म्हणते. पहिल्या दिवशी त्यांनी मला काही वाजवायला न सांगता गिटार मांडीवर घेतली आणि बाराव्या फ्रेटपाशी एक छोटी मोजपट्टी उभी धरली. गिटारच्या मानेवर, म्हणजे लांब दांड्यावर, आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. सर्वांत जाड तार फ्रेटपासून जवळजवळ 4 मिलिमीटर वर होती. "काकू, हिच्यावर कोणाचीही बोटं दुखतील. आधी ही खाली घेऊ." तारांच्या या उंचीला ॲक्शन म्हणतात. स्टीलच्या तारांच्या गिटारवर ती त्या जागी 2 ते अडीच मिलिमीटर असली की हात सुखावतो.

धोबीतलावच्या बाजूला वाद्यं दुरुस्त करणारे एक कारागीर आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी गिटारच्या पोटातून ॲलन की घालून मानेतली सळई थोडी आवळली, मान सरळ केली. मग ब्रिजमधली, म्हणजे तारा खालच्या टोकाला जिथे अडकवतात तिथली, पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल, काढलं. त्याच्यावर पेन्सिलनं रेघ मारली आणि काचेवर चिकटवलेल्या सँडपेपरवर ते घासायला बसले. चारदा घासायचं, रेघेशी ताडून बघायचं, पुन्हा घासायचं. म्हणाले, बाराव्या फ्रेटवर 1 मिलिमीटर कमी करायचं तर इथे 2 मिलिमीटर घासावं लागतं. कारण बारावी फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असते. जुन्या तारा काढून दहाचा सेट, म्हणजे जरा बारीक तारांचा, चढवला. बाराच्या सेटमध्ये सहा तारांचा मिळून ताण 70 किलोच्या घरात असतो, दहाच्या सेटमध्ये तो बराच कमी होतो.

नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार घ्या, असंही काहींनी सुचवलं. तिचा ताण 40 किलोच्या आसपास असतो आणि बोटांना ती मऊ लागते हे खरं. पण तिची मान वरच्या टोकाला 52 मिलिमीटर रुंद असते, आमच्या गिटारची 43. माझी बोटं आखूड आहेत, म्हणून मी स्टीलवरच राहिले. मोठी बोटं असलेल्यांनी नायलॉनचा विचार जरूर करावा.

बोटांच्या टोकांची कातडी घट्ट होईपर्यंत थोडं सोसावं लागतं. त्याला इलाज नाही, पण तासभर सलग बसण्याचीही गरज नाही. मी सकाळी पंधरा मिनिटं आणि संध्याकाळी पंधरा मिनिटं बसते. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागलं की थांबते. या वयात तो सांधा जपलाच पाहिजे. बोट फ्रेटच्या धातूला अगदी लागून, त्याच्या जरा मागे ठेवलं की निम्म्या जोरात तार बोलते. दोन फ्रेटच्या मधोमध दाबलं तर उगाच ताकद जाते आणि तार घरघरते. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आणखी एक गोष्ट सांगते. वाकून गिटारच्या मानेची समोरची बाजू बघायची सवय लावूच नका, पाठ धरते. मानेच्या वरच्या कडेला तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आणि बाराव्या फ्रेटपाशी बारीक ठिपके असतात. तेवढे दिसले की पुरे.

कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वर, बदलताना सर्वांत उपयोगी पडलं ते हे, की कोणतं बोट हलत नाही ते आधी बघायचं. ए मायनरवरून सी कॉर्डवर जाताना फक्त अनामिका उचलून पाचव्या तारेवर न्यायची असते, तर्जनी आणि मधलं बोट जागच्या जागी. (तारा सर्वांत बारीक तारेपासून मोजतात, सर्वांत जाड ती सहावी.) हे सरांनी दाखवल्यावर मी प्रत्येक जोडीत न हलणारं बोट शोधायला लागले.

आता कानाची गोष्ट, आणि इथे मला फार आनंद मिळाला. तारा लावायला क्लिपचा ट्यूनर मिळतो. पण मी सरगम घेऊन बघितलं. सर्वांत जाड तार सा धरली तर पुढची तार तिचा मध्यम. त्या तारेला सा धरा, पुढची पुन्हा मध्यम. फक्त एका जागी, तिसऱ्या तारेवरून दुसऱ्या तारेवर जाताना, शुद्ध गांधार येतो. बाकी सगळे मध्यम. एवढं लक्षात आलं आणि मी ट्यूनरशिवाय तारा जुळवू लागले. सा आणि म ओळखायला आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही.

एक मात्र खटकत होतं. जी कॉर्डमधला गांधार मला चढा वाटायचा. सरांना सांगितलं, तर त्यांनी हसून मान हलवली. "काकू, तुमचा कान बरोबर आहे." तंबोऱ्यातून ऐकू येतो त्या गांधारापेक्षा फ्रेटवरचा गांधार खरंच चढा असतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर सुमारे 14 भाग. पेटीवरही तसंच असतं. कारण सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेले असतात. दुसरी तार उतरवून तो गांधार गोड करता येतो, पण मग तीच तार ई कॉर्डमध्ये पंचम असते आणि तिथे ती उतरलेली वाजते. त्यामुळे ती सगळ्यांना चालेल तिथेच ठेवायची.

मंडळात आमची पट्टी, म्हणजे आमचा सा, पेटीच्या काळी चारवर. जी कॉर्डचा सा म्हणजे पांढरी पाच, म्हणून कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, पहिल्या फ्रेटवर लावला की काळी चार मिळते. भूपातले अभंग जी, सी, डी आणि ई मायनर एवढ्यावर उभे राहतात. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा हातात खाली-वर बसवायलाही मला वेळ लागला नाही, टाळ धरून तो हात तयारच होता.

अडलं ते भैरवीशी. भजनाची सांगता भैरवीनं व्हायची, ती साथीविना कशी सोडायची? ई हा सा धरला तर भैरवीचे सातही स्वर पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर येतात, आणि कोमल रिषभावर बसते ती एफ कॉर्ड. एफसाठी तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबावी लागते. पुष्कळ जण याच कॉर्डपाशी गिटार सोडून देतात. पहिल्या फ्रेटपाशी तारा नटवरून, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाच्या पट्टीवरून, उतरत असतात, तिथे त्या सर्वांत ताठ लागतात. सरांनी मला ती तिथे दिलीच नाही. आधी पाचव्या फ्रेटवर आडवं बोट ठेवायला लावलं, जिथे ती ए कॉर्ड होते, मग एकेक फ्रेट खाली आणलं. तोपर्यंत पहिल्या चार तारांवरची सोपी एफ मेजर सेव्हन वाजवून काम भागवलं.

आणि गंमत अशी की आमच्या पट्टीनंच वाट सोपी केली. ई चा सा काळी चारला न्यायचा तर कॅपो चौथ्या फ्रेटवर लागतो. कॅपोनं तारा आधीच खाली दाबलेल्या असतात. तिथली एफ पूर्ण वाजते, सहाही तारा बोलतात. गाताना भैरवीत इतर स्वरही डोकावतात. तेव्हा मी कॉर्ड बदलत नाही, ई मायनरच धरून ठेवते. गाणारीची जागा चालू असताना साथीनं धावू नये, असं मला मनापासून वाटतं. आलापाला तर सा आणि पंचमाच्या तारा तेवढ्या छेडायच्या.

क्लासमधली मुलं ट्रिनिटीच्या, रॉकस्कूलच्या ग्रेड परीक्षा देतात. सरांनी मलाही विचारलं, वयाची अट नाही म्हणाले. मला आत्ता तरी भजनच पुरेसं आहे.

कार्तिकी एकादशीला मंडळात पहिल्यांदा साथ केली. आता आणखी एकजण भैरवी म्हणणार आहेत आणि त्यांची पट्टी काळी पाच. त्यासाठी कॅपो सहाव्या फ्रेटवर न्यावा लागतो, तिथे फ्रेट इतक्या जवळ येतात की बोटं एकमेकांना लागतात. दुसरा मार्ग म्हणजे ए हा सा धरून कॅपो पहिल्या फ्रेटवर लावायचा. मग एफच्या जागी बी फ्लॅट येते, तीही आडव्या बोटाचीच, पण पाचव्या तारेपासून. सध्या सकाळची पंधरा मिनिटं त्या कॉर्डला देते आहे.