त्रिचीहून लालगुडी, व्हायोलिनसाठी

त्रिचीला आलं की रॉकफोर्ट, श्रीरंगम सगळेच करतात, मला मात्र लालगुडीला जायचंच होतं. पॅसेंजरने कावेरी आणि मग तिचाच फाटा कोळ्ळिडम ओलांडली की दोन्हीकडे भातशेती, आणि थोड्याच वेळात गाव. तसं बघायला फार काही नाही, सप्तर्षीश्वराचं मोठं देऊळ आणि बाजार.

पण थोर कर्नाटक व्हायोलिनवादक लालगुडी जयरामन (१९३०–२०१३) इथल्याच घराण्यातले! त्यांच्या पणजोबांकडे कर्नाटक संगीताचे थोर रचनाकार खुद्द त्यागराज उतरले होते आणि इथल्या देवांवर त्यांनी ५ कृती, म्हणजे गाणी, रचल्या, लालगुडी पंचरत्न म्हणतात त्यांना. जयरामन शिकले वडिलांकडेच, गोपाल अय्यरांकडे. शिस्त इतकी कडक की बोटांना इजा नको म्हणून पोराला पेन्सिलला टोकसुद्धा काढू द्यायचे नाहीत म्हणे. आणि बाराव्या वर्षी पोरगा साथीला स्टेजवर!

संध्याकाळी श्रीरंगममध्ये ओळखीने एका बाईंचा क्लास बघायला मिळाला. एक छोटी मुलगी मांडी घालून बसलेली, व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकवलेलं, दुसरं टोक खांद्याजवळ छातीशी, म्हणजे वाद्य धरून ठेवायचं कामच डाव्या हाताला नाही, तो तारेवर वरखाली घसरायला मोकळा, आणि गमक, म्हणजे स्वराला दिलेला झोल, तिथूनच येते. तारा सा-प-सा-प अशा लावलेल्या. धडा मायामाळवगौळ रागातली सरळी वरिसै, म्हणजे नवशिक्यांचे पहिले पलटे, स्वर आपल्या भैरवचेच, आधी सावकाश, मग दुप्पट, मग चौपट. बाई प्रत्येक ओळ आधी गाऊन घेत होत्या, गळ्यातून नीट आली तरच गजाला हात. एका गांधारावर त्यांनी तिला इतक्या वेळा थांबवलं की मीच कंटाळलो, ती नाही.

बाई म्हणाल्या, खरी परीक्षा साथीत. बहुतेक वेळा रिहर्सल नसतेच, गायक कुठला राग घेणार ते स्टेजवरच कळतं, त्याची आलापना झाली की लगेच तोच राग आपण वाजवायचा, बरोबरीने पण वरचढ न होता. आपल्याकडे पेटीवाल्याला एवढी स्वतंत्र पाळी कुठे मिळते?

गंमत म्हणजे हे वाद्य मूळचं साहेबाचं. त्यागराजांच्याच काळातले रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर, त्यांचे धाकटे भाऊ बाळुस्वामी मद्रासजवळ मनालीला असताना एका युरोपियनाकडून ते शिकले आणि त्यावर आपलं संगीत वाजवायला लागले.

हे सगळं ऐकायचं असेल तर डिसेंबरात चेन्नई गाठा, दुपारच्या कच्चेरींना, म्हणजे मैफलींना, बऱ्याच सभांमध्ये (मैफली भरवणाऱ्या संस्थांमध्ये) तिकीट नसतं आणि नवी पोरं तेव्हाच वाजवतात. कॅन्टीनचा डोसा वेगळा.